कंपनी म्हणते 'आमच्याकडे गुलामगिरी नाही', मग गेटवरच्या वॉचमनचा पगार नक्की कुणाच्या हातात असतो?

तुम्ही एखाद्या मोठ्या आयटी किंवा सर्व्हिस कंपनीत काम करत असाल तर एक गोष्ट करून बघा. कंपनीची वेबसाइट उघडा आणि अगदी तळाला जा. प्रायव्हसी पॉलिसी, कुकीज वगैरेंच्या शेजारी 'मॉडर्न स्लेव्हरी स्टेटमेंट' नावाची एक लिंक दिसण्याची बरीच शक्यता आहे. म्हणजे आधुनिक गुलामगिरीबद्दलचं निवेदन.

ते वाचून बहुतेकांना प्रश्न पडतो की, लॅपटॉपवर काम करणाऱ्या कंपनीचा आणि गुलामगिरीचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो समजून घ्यायला लंडन-सिडनीला जायची गरज नाही. कसबा पेठेतून सुरुवात केली तरी चालेल. कसबा गणपतीजवळच्या टपरीवर कटिंग घेणारा माणूस मेट्रोने ऑफिसला जातो. तिथे गेटवर वॉचमन त्याची बॅग तपासतो. त्याच्या आधी कुणीतरी येऊन फरशी पुसलेली असते. अकरा वाजता पॅन्ट्रीतून चहा येतो, त्यात साखर असते. या सगळ्या लोकांपैकी कंपनीच्या पगारपत्रकावर बहुतेक वेळा एकच जण असतो, तो बॅगवाला. बाकीच्यांचा पगार दुसरं कुणीतरी देतं.

खरा प्रश्न याच 'दुसऱ्या कुणीतरी'चा आहे.

आधुनिक गुलामगिरी म्हणजे नक्की काय?

साखळदंड, चाबूक, बाजारात माणसांची बोली, हे चित्र आपल्या डोक्यात असतं. आज ते क्वचितच दिसतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९३० च्या कराराप्रमाणे, शिक्षेच्या धाकाखाली करवून घेतलेलं आणि माणसाने स्वखुशीने न स्वीकारलेलं काम म्हणजे सक्तीची मजुरी. भारताने १९५४ मध्ये हा करार मान्य केला.

हे ओळखायचं कसं, यासाठी याच संघटनेने ११ खुणा सांगितल्या आहेत. त्यातल्या काही आपल्या ओळखीच्या आहेत: पगार अडकवून ठेवणं, मूळ कागदपत्रं काढून घेणं, कर्जात बांधून ठेवणं, कामाबद्दल खोटं सांगून आणणं, धमकावणं, बेसुमार ओव्हरटाइम. यातली एखादी खूण दिसली म्हणून लगेच गुलामगिरी ठरत नाही. पण दोन-तीन एकत्र दिसल्या की चौकशी करायलाच हवी.

सगळ्यात सोपी कसोटी एका वाक्यात सांगता येते. या माणसाला उद्या हे काम सोडायचं असेल, तर तो सोडू शकतो का?

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार सुमारे ५ कोटी लोक आधुनिक गुलामगिरीत होते. त्यातले जवळपास २ कोटी ८० लाख सक्तीच्या मजुरीत आणि उरलेले सक्तीच्या लग्नात.

पुण्याला हे नवीन आहे का?

अजिबात नाही. कसबा पेठेला लागूनच शनिवारवाडा आहे. त्या काळातल्या दप्तरांमध्ये कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम स्त्रियांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी सापडतात. माणूस विकला गेला की वहीत तशी नोंद व्हायची.

१८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची न्यायालयीन मान्यता काढून घेतली. १८६० च्या दंडविधानाने माणसांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवला. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या कलम २३ ने मानवी व्यापार आणि वेठबिगारीवर बंदी घातली. १९७६ मध्ये वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा आला. या कायद्याने वेठबिगाराच्या डोक्यावरचं कर्जच रद्द केलं.

कायद्याने बंदी आल्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण माणसाला बांधून ठेवणारी नोंद मालकाच्या वहीतून निघाली आणि मध्यस्थाच्या वहीत गेली. मुकादम, जमादार, ठेकेदार, एजन्सी अशी त्याची नावं बदलत राहिली.

एक रुपया कापला, आणि सुप्रीम कोर्टाचा निकाल आला

१९८२ मध्ये दिल्लीत आशियाई खेळ होणार होते. स्टेडियम आणि रस्त्यांची कामं जोरात सुरू होती. मजुरांचा किमान रोज ९ रुपये २५ पैसे होता. ठेकेदार ही मजुरी जमादारांकडे द्यायचे. जमादार एक रुपया कमिशन कापून मजुराच्या हातावर ८ रुपये २५ पैसे ठेवायचे.

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. सरकारी यंत्रणांचं म्हणणं होतं की, मजूर ठेकेदाराचे आहेत. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी दिलेल्या निकालातले दोन मुद्दे आजही महत्त्वाचे आहेत.

पहिला, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करवून घेणं ही कलम २३ खाली सक्तीची मजुरीच आहे. पोटाची भूक आणि गरिबी हीसुद्धा 'सक्ती' असू शकते.

दुसरा, काम ठेकेदारामार्फत करून घेतलं म्हणून मूळ काम देणाऱ्याची जबाबदारी संपत नाही.

१९८४ च्या बंधुआ मुक्ती मोर्चा प्रकरणात कोर्ट आणखी पुढे गेलं. सक्तीची मजुरी दिसली तर ती घेतलेल्या आगाऊ रकमेपोटीच आहे असं गृहीत धरायचं, आणि तसं नसल्याचं मालकाने सिद्ध करायचं.

म्हणजे ४० वर्षांपूर्वीच कायद्याने उत्तर दिलेलं आहे. तरी अडतं कुठे? ते समजून घ्यायला साखळीतल्या दोन कड्या बघू. एक ऑफिसच्या दारातली आणि एक तिथून लांब, उसाच्या फडातली.

पहिली कडी: गेटवर

सर्व्हिस कंपन्या सिक्युरिटी, हाउसकीपिंग, कँटीन ही कामं सहसा बाहेर देतात. कायद्याचीही त्याला आडकाठी नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांमध्ये कंपनीच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार घ्यायला मनाई आहे. मात्र साफसफाई, पहारा आणि कँटीन ही कामं सर्वसाधारणपणे 'मुख्य काम' धरली जात नाहीत.

कंत्राट कुणाला मिळतं? बहुतेक वेळा सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला. इथे थोडं गणित करू.

समजा कायद्याने ठरलेली मजुरी १०० रुपये आहे. त्यावर मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि त्याचे इतर आकार मिळून १३ टक्के, ईएसआय ३.२५ टक्के आणि बोनस किमान ८.३३ टक्के. म्हणजे साधारण १२५ रुपये झाले. यात सुट्ट्या, गणवेश, एजन्सीची फी आणि जीएसटी अजून धरलेला नाही. आता एजन्सीने ११५ रुपयांत कंत्राट घेतलं, तर वरचे पैसे कुठून येणार? ते त्या कामगाराच्याच खिशातून येणार. पीएफ भरला जाणार नाही, ओव्हरटाइम दाखवला जाणार नाही किंवा पगारातून 'गणवेश', 'दंड' अशा नावाने कापलं जाणार.

दुसरं गणित तासांचं. एका गेटवर २४ तास पहारा हवा असेल तर आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या लागतात. आठवड्याला २१ पाळ्या होतात. एक माणूस साप्ताहिक सुट्टी घेऊन सहा पाळ्या करतो. म्हणजे एका गेटला साडेतीन माणसं लागतात.

प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी दोनच असतात, १२-१२ तासांचे. ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट आहे. त्यामुळे आठ तासांनंतरचे चार तास हे आठ तासांच्या मजुरीइतके होतात. म्हणजे १२ तासांच्या ड्युटीला साधारण दोन दिवसांचा पगार द्यावा लागतो. अशा दोघांचा रोजचा खर्च चार दिवसांच्या मजुरीइतका, आणि आठ-आठ तासांच्या तिघांचा तीन दिवसांच्या मजुरीइतका. कायदा पाळला तर दोन माणसं ठेवणं महाग पडतं.

मग दोन वॉचमन 'स्वस्त' कसे पडतात? ओव्हरटाइम बुडवला जातो म्हणूनच.

१२ तासांची ड्युटी म्हणजे आपोआप गुलामगिरी झाली असं नाही. पण त्याच माणसाची मूळ मार्कशीट एजन्सीकडे ठेवलेली असेल, दोन महिन्यांचा पगार 'काम सोडलंस तर मिळणार नाही' म्हणून अडकवलेला असेल, राहायची खोली एजन्सीचीच असेल आणि गाव पाचशे किलोमीटरवर असेल, तर वरची कसोटी पुन्हा लावून बघा. तो उद्या काम सोडू शकतो का?

दुसरी कडी: चहाच्या कपात

आता पॅन्ट्रीतल्या साखरेकडे येऊ. राज्याचं साखर आयुक्तालय पुण्यातच, शिवाजीनगरच्या साखर संकुलात आहे. कसब्यापासून ते फार लांब नाही. पण ऊस तोडणारे हात बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतून येतात.

दिवाळीच्या आसपास लाखो मजूर गाव सोडतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. हिशेबात माणूस मोजला जात नाही, हत्यार मोजलं जातं. हंगामाआधी मुकादम जोडीला 'उचल' देतो. लग्न, आजारपण, जुनी देणी यात ती संपते आणि मग पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. एक दिवस काम बुडालं की खाडा, आणि बऱ्याच ठिकाणी खाड्याचा दंड. हंगाम संपताना हिशेब फिटला नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते.

या साखळीचे थर बघा. साखर कारखाना तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी करार करतो. ठेकेदार मुकादमाशी बोलतो. मुकादम टोळी आणतो. कारखाना म्हणतो, मजूर आमचे नाहीत. ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादमाचंही रडगाणं अगदी खोटं नाही. उचल घेऊन काही जोड्या येतच नाहीत, आणि तो स्वतः कर्जात बुडतो. मग पैसे वसूल करायला मजुरांना डांबून ठेवणं, मारहाण, असे गुन्हे घडतात.

या बांधिलकीची किंमत शरीरही मोजतं. बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ मध्ये झाली, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींनी गर्भाशय काढल्याचं समोर आलं. कारणं अनेक होती, खासगी डॉक्टरांची घाई हेही त्यातलं एक. पण पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही आणि फडावर ना पाणी ना शौचालय, हे त्यामागचं वास्तव होतं.

मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'फुलर प्रोजेक्ट'ने महाराष्ट्रातल्या साखरेवर मोठा शोधवृत्तान्त छापला. कोकाकोला आणि पेप्सिकोसारख्या बड्या खरेदीदारांपर्यंत जाणारी ही साखळी कर्ज, बालविवाह आणि गर्भाशय शस्त्रक्रियांवर कशी उभी आहे, हे त्यात मांडलं होतं. बीडच्या फडातला प्रश्न त्यामुळे अमेरिकन कंपन्यांच्या बोर्डरूमपर्यंत पोहोचला.

काहीच बदललं नाही असंही नाही. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटनांमध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ आहे, मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे. पण उचल देणारा आणि हिशेब ठेवणारा अजूनही मुकादमच आहे.

मग त्या निवेदनाचा उपयोग काय?

ब्रिटनचा मॉडर्न स्लेव्हरी कायदा २०१५ चा. वर्षाला ३ कोटी ६० लाख पाउंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या आणि ब्रिटनमध्ये व्यवसाय करणाऱ्या कंपनीला दरवर्षी निवेदन द्यावं लागतं. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये असाच कायदा केला, तिथे मर्यादा १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर. पुण्या-बंगळुरूच्या आयटी कंपन्यांचे ग्राहक याच देशांत आहेत, म्हणून त्यांच्या वेबसाइटवर ती लिंक दिसते.

मेख अशी की, ब्रिटनच्या कायद्यात कंपनी 'आम्ही यावर्षी काहीच केलं नाही' असं लिहूनही मोकळी होऊ शकते. निवेदन पोकळ असलं म्हणून दंड नाही.

भारतात सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना 'बीआरएसआर' नावाचा अहवाल सक्तीचा केला आहे. त्यात बालमजुरी आणि सक्तीच्या मजुरीची तपासणी किती ऑफिसांमध्ये केली, हे टक्क्यांत विचारलं जातं. पुरवठादारांबद्दलचे प्रश्न मात्र ऐच्छिक भागात आहेत. म्हणजे जिथे धोका जास्त, तिथे उत्तर ऐच्छिक.

युरोपीय संघाचा नियम जरा कडक आहे. सक्तीच्या मजुरीतून बनलेला माल तिथल्या बाजारात विकायला डिसेंबर २०२७ पासून बंदी असेल. माल अडकला की कंपनीचा पैसा अडकतो, त्यामुळे याची दखल जास्त घेतली जाईल.

पुण्याकडे उत्तर आधीपासून आहे

मध्यस्थाच्या हातातून पगार कसा काढायचा, याचा एक प्रयोग महाराष्ट्राने ५० वर्षांहून आधी केला. १९६९ चा माथाडी कायदा. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात हमाल पंचायतीचे बाबा आढाव ही या चळवळीतली मोठी नावं.

कायद्याची कल्पना साधी आहे. हमालाचा मालक रोज बदलतो, म्हणून मधे एक मंडळ बसवायचं. व्यापाऱ्याने मजुरी आणि त्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची. मंडळाने कामगाराला पगार द्यायचा आणि लेव्हीतून पीएफ, बोनस, रजा, दवाखाना बघायचा. टोळीवाल्याच्या हातात पैसाच जात नाही, त्यामुळे कापायला काही उरत नाही.

याच धर्तीवर १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा झाला आणि सुरक्षारक्षक मंडळं आली. मात्र एजन्सींना त्यातून सूट मिळण्याची वाट कायद्यातच आहे, आणि बहुतेक गेटवर आज एजन्सीचाच माणूस दिसतो. माथाडी मंडळांवरही टीका होते. बोगस माथाडींच्या नावाने वसुली होते, अशी उद्योजकांची तक्रार आहे आणि ती गंभीर आहे. पण कुणी गैरफायदा घेतला म्हणून मूळ तत्त्व चुकीचं ठरत नाही. पगार देणारा आणि माणूस पुरवणारा एकच असेल तर बांधून ठेवणं सोपं जातं. दोघं वेगळे केले की अवघड होतं.

कंपनीने नक्की काय करायचं?

पॉलिसी छापणं हा सगळ्यात स्वस्त भाग आहे. खरं काम पुढचं आहे.

- टेंडर काढतानाच किमान वेतन, पीएफ, ईएसआय, बोनस आणि रजेचा बदली माणूस धरून हिशेब करायचा. त्याखाली आलेला दर 'स्वस्त' म्हणून घ्यायचा नाही, बाद करायचा.
- एजन्सीच्या बिलासोबत प्रत्येक कामगाराच्या बँक खात्यात गेलेला पगार आणि पीएफ भरल्याचा पुरावा मागायचा. ठेकेदाराने पगार बुडवला तर कायद्याने तो मूळ मालकाला द्यावा लागतो आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करता येतो.
- नोकरी लावण्यासाठी कामगाराकडून पैसे घेतले का, मूळ कागदपत्रं कुणाकडे आहेत, हे त्यालाच विचारायचं, आणि तेही सुपरवायझर समोर नसताना.
- तक्रारीचा नंबर मराठी आणि हिंदीत, गेटवर आणि स्वच्छतागृहाजवळ लावायचा. इंग्रजी पॉलिसीतला ईमेल आयडी हाउसकीपिंगच्या मावशींच्या काय कामाचा?
- साखर, गणवेश, बांधकाम अशा धोक्याच्या खरेदीत पुरवठादाराच्या मागच्या थरांपर्यंत प्रश्न विचारायचे. टपरीवाल्याला आपली साखर कोणत्या फडातली हे कळणं शक्य नाही. टनांनी साखर घेणारी कंपनी मात्र कारखान्याला विचारू शकते.
- काही सापडलं तर लगेच कंत्राट तोडून हात झटकायचे नाहीत. तसं केलं तर सगळ्यात आधी नोकरी कामगाराची जाते. आधी थकलेले पैसे आणि कागदपत्रं त्याला परत मिळवून द्यायची.

आणि तुम्ही?

हे वाचताना तुम्ही फक्त कंपन्यांकडे बघत असाल तर थोडं थांबा. तुमच्या सोसायटीच्या गेटवर कोण आहे? कसब्यातल्या जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या सात मजल्यांच्या इमारतीलाही वॉचमन लागतो. वार्षिक सभेत 'दुसरी एजन्सी दोन हजारांनी स्वस्त देतेय' असं कुणी म्हणतं, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. ते दोन हजार कुठून वाचले, हे क्वचितच विचारतो.

पुढच्या सभेत तीनच प्रश्न विचारा. गेटवर माणसं किती आणि तास किती? पगार थेट खात्यात जातो का, आणि किती? पीएफची पावती दिसेल का?

कुणाला कर्जापोटी किंवा धाकाने कामावर अडकवून ठेवल्याचं कळलं तर जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. १९७६ च्या कायद्याखाली सुटका आणि मुक्तीचा दाखला देण्याची जबाबदारी त्यांची आहे. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत मुक्त वेठबिगाराला तातडीची ३० हजारांपर्यंत मदत आणि प्रकरणानुसार १ ते ३ लाख रुपये देण्याची तरतूद आहे. तातडीच्या वेळी पोलिसांसाठी ११२, मुलांसाठी १०९८ आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हे नंबर आहेत.

थोडक्यात सांगायचं तर, १९८२ मध्ये मजुराच्या ९ रुपये २५ पैशांतला एक रुपया जमादाराने कापला, आणि सुप्रीम कोर्टाने त्याचा जाब मूळ काम देणाऱ्याला विचारला. आज तो रुपया पीएफ, ओव्हरटाइम, खाडा अशा नावांनी कापला जातो. जाब विचारण्याची जागा मात्र बदललेली नाही. ती काम देणाऱ्याच्या दारातच आहे, मग ते दार हिंजवडीतल्या कंपनीचं असो, नाहीतर आपल्या सोसायटीचं.